तिसऱ्या हाकेला

१६ एप्रिल १९९५, रविवार

शेजारच्या पवित्राकडे भाड्यानं व्हिडिओ आणला होता. स्मृती दुपारभर तिथंच. मला वाटलं, कार्टून असेल! परत आली ती पांढरीफटक. भुताचा सिनेमा होता म्हणे. जेवली नाही. न्हाणीघरात जाताना माझा पदर घट्ट धरला — माझा! लग्न होऊन तिची सावत्र आई म्हणून या घरात आले त्याला सहा महिने झाले, पण तिची आई गेल्यापासून ती बिलगते ती फक्त आजीला. मी नुसती रूपाक्का.

पोरगी घाबरली म्हणून वाईट वाटायला हवं होतं. पण बरंच वाटलं.

१७ एप्रिल

सकाळी पाहते तर दारावर खडूनं गिचमीड. कानडी मला कुठं वाचता येतं! साताऱ्याच्या सुनेनं ओलं फडकं घेतलं आणि दार लख्ख केलं. स्मृतीनं असा टाहो फोडला की अख्खी गल्ली गोळा झाली. "पुसलंस! आता ती आत येणार!"

सासूबाईंनी उलगडा केला. ‘नाळे बा’ — उद्या ये. भूत दारावरचं वाचतं आणि मुकाट परत जातं. दुसऱ्या दिवशी येतं, पुन्हा तेच वाचतं, पुन्हा जातं. भूत साक्षर, पण अक्कल बेताची! मला हसू आवरेना. चिकपेटचा शिंपी माझ्या ब्लाउजचं दुसरं काय सांगतोय? नाळे बा!

मग खडू मीच घेतला. स्मृतीनं माझा हात धरून गिरवून घेतलं. माझी पहिली कानडी अक्षरं — भुतासाठी!

२० एप्रिल

आरशावर टॉवेल. पलंगावरून पाय खाली सोडत नाही. डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "स्वल्प दिवस जाऊ देत, सरी होईल, बरी होईल ती. भीती मनात ठेवू देऊ नका, बोलती करा." ह्यांनी व्हिडिओबंदीचा हुकूम काढला आहे. हुकूम ऐकायला भूत काय ह्यांच्या ऑफिसात आहे?

२३ एप्रिल

आज काय सांगू! सासूबाई देवळातून आल्या. दाराला आतून कडी. "स्मृती, बागिल तेगी गं, दार उघड!" ओ नाही. पुन्हा हाक. तिसऱ्या हाकेला कडी निघाली. हे आले, त्यांचीही तीच गत. सिनेमातलं भूत एकदाच हाक मारतं म्हणे, म्हणून तिसऱ्या हाकेशिवाय दार उघडायचं नाही.

आणि मी भाजी घेऊन आले — एक हाक, आणि दार सताड उघडं! सासूबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं. "सख्ख्या अज्जीला तीन, आणि हिला एक?"

शेवयांची खीर केली. कारण विचारलं तर म्हटलं, सहज.

२६ एप्रिल

वेणी घालताना विचारलं, "मला बरं लगेच उघडतेस?"

"अगं रूपाक्का, भूत आपल्या माणसाच्या आवाजात हाक मारतं. अज्जीच्या, अप्पांच्या. तुझ्या आवाजात कशाला मारेल?"

अगदी समजावून सांगितलं तिनं. तिचं काही चुकलं नाही. खोटं तर ती बोलतच नाही.

रिबीन दोनदा सुटली माझ्या हातून.

२७ एप्रिल

डाळ करपली. दुसरी टाकली.

४ मे

तरी दिवस छान चाललेत. रोज सकाळी आम्ही दोघी दारावर लिहितो. आज मी एकटीनं लिहिलं, तिनं दहापैकी सात मार्क दिले! डॉक्टरांचं ऐकून भुताच्याच गप्पा मारते तिच्याशी. रोज हेलपाटे घालून बिचारीच्या चपला झिजल्या असतील, म्हटलं. ती खदखदून हसली. आरशावरचा टॉवेल आज तिनंच काढला. न्हाणीघरात एकटी गेली. पदर सुटला. बरंच झालं.

दाराचा नियम मात्र अजून तस्साच.

आणि शिंप्यानं ब्लाउज दिला! बाहीला आखूड, पण दिला.

९ मे

बाजारातून आले. "स्मृती!" म्हणून हाक मारली. आत पावलं वाजली, दाराशी येऊन थांबली. कडी निघाली नाही. वाटलं, ऐकू गेलं नसेल. पुन्हा हाक मारली. तरी दार बंद!

तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. आणि तिसरी हाक मारायला आवाजच फुटेना.