ह्यांची दोरी

रवि. ७ फेब्रु. ८८

गेल्या वर्षी, ह्यांच्या फायनलच्या रविवारीही आजच्यासारखंच. पाणी भरलं, स्टोव्ह पेटवला, भाकऱ्या थापल्या. हे कोपऱ्यात बसून आट्यापाट्यांची दोरी गुंडाळत होते. दर पाटीला एक गाठ. मैदानावर ताणायची, गाठींवरून चुन्याच्या रेघा ओढायच्या. म्हणाले, "आज फायनल आहे. येतेस?"

मी म्हटलं, शेजारी माईंकडे टीव्ही बघायचाय. सगळी चाळ तिथेच असते. एकटेच गेले. त्यांचा खेळ मी कधी बघितलाच नाही. त्याच एप्रिलमध्ये हे वारले.

बुध. १०

तावडे भावजी आले. ह्यांच्याच संघातले. रविवारी सामना आहे, नव्या दोरीने पाट्या वाकड्या पडतात म्हणे. "वैनी, त्याची दोरी असेल ना?"

सापडत नाही म्हटलं.

ती त्यांच्या डोक्यावरच होती, गॅलरीत, कपडे वाळत घालायला बांधलेली. वर परकर, अभ्रे. लांब पडत होती म्हणून मीच विळीवर कापली. उरलेल्या तुकड्याने रद्दी बांधलीय.

भावजींनी वर बघितलं, मग चहा प्याले. म्हणाले, बघायला कोणी येत नाही, बघणाऱ्यांपेक्षा खेळणारेच जास्त. हसले. मला हसता येईना. ह्यांना रविवारी ओव्हरटाइम असतो असं मी चाळीत सांगायचे. बाप्या माणूस चुन्यात धावतो, लाज वाटायची. पाय धुतल्याशिवाय वर येऊ द्यायचे नाही.

शनि. १३

झोप नाही. पुडीचे कागद वाचायची सवय, आजच्यावर पानभर क्रिकेट. ह्यांच्या खेळाची एक ओळ कधी सापडली नाही. तरी हे पंचवीस वर्षं...

दोरी उतरवली. दोन तुकडे जोडले. जोडाला वीतभर गेली. ती कुठून आणू.

माई बघत होत्या. "कपडे कुठे घालणार गं आता?" कठड्यावर, म्हटलं. उद्या टीव्हीला येणार नाही, ह्यांचा खेळ आहे.

"म्हणजे ओव्हरटाइमची दोरी होय ही?"

खाली मान घालून गुंडाळत राहिले.

सोम. १५

काल सकाळी मैदानावर गेले. भावजींनी दोरी घेतली. जोडावरून बोट फिरवलं. म्हणाले, "वैनी, ते टोक धरा जरा."

जोडापाशी एक पाटी अरुंद आली. चुना पडेपर्यंत मी टोक धरून उभी राहिले.