शाल्मलीची शर्यत

६ जून १९९९, रविवार
आजपासून नियमित रोजनिशी. आसावरी शाल्मलीला घेऊन पुण्याला माहेरी गेली, त्याला दोन महिने झाले. व्यवस्था तात्पुरती आहे. शाल्मलीचं नाव तिकडच्या शाळेत घातलंय, तेही तात्पुरतंच.
एसटीडी बूथवरून फोन केला. आसावरी म्हणाली, शाल्मली तिसरीत गणितात काठावर पास झाली. बाप सॉफ्टवेअरमध्ये आणि मुलगी सातच्या पाढ्याला अडते! तिला फोनवर घेऊन सात आठे किती ते विचारलं. तिने फोन आईकडे दिला. लाजली असणार.
उपाय बूथमध्येच सुचला. गणिताचा खेळ. इंटरनेटवर.

१३ जून, रविवार
प्लॅन: रोज सहाला ऑफिस सोडणे. दोन तास खेळाचं काम. दहा लेव्हल्स. दोन आठवड्यांत तयार. नंतर महाराष्ट्रातल्या सगळ्या मुलांसाठी खुला करणे.

२७ जून, रविवार
एकही लेव्हल झाली नाही. दोन हजार सालाच्या भानगडीमुळे ऑफिसात जुन्या प्रोग्रॅममधली सालं चार आकडी करत बसलोय. दोष माझा नाही.
घरमालक हयवदनराव जिन्यात भेटले. यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे कन्नड मुलखात आलं, मराठीत कन्नड मिसळून बोलतात. त्यांना खेळाचं सांगितलं. म्हणाले, दत्ता, पोरीला गणित यायला कोणीतरी स्वल्प शेजारी बसावं लागतं. जुनी पिढी. सोडून दिलं.

११ जुलै, रविवार
पहिली लेव्हल तयार! उत्तर बरोबर आलं की हरीण पुढे उडी मारतं. हरीण जरा म्हशीसारखं दिसतं, पण पळतं चांगलं. खेळ संपला की नाव आणि मार्क ईमेलने थेट माझ्याकडे.
योगायोग म्हणजे सासऱ्यांच्या गल्लीतच सायबर कॅफे उघडलाय. आबा, म्हणजे सासरे, शाल्मलीला घेऊन जाणार. पोस्टातून रिटायर झालेत, वेळच वेळ आहे.

१९ जुलै, सोमवार, स. ११.४०
ऑफिसात पहिली ईमेल! नाव: शाल्मली. शंभरपैकी बारा. चुकीचं उत्तर एकही नाही, फक्त वेळ पुरला नाही. माऊसची सवय नाही, होईल. सोमवारी सकाळी शाळा कशी नव्हती? असेल काहीतरी सुट्टी.

२९ जुलै, गुरुवार
रोज अकराच्या सुमारास खेळते. बहुधा शाळा दुपारची केली असावी. मला कोणी कळवलं नाही.
काल एकोणतीसचा पाढा पूर्ण बरोबर. मला स्वतःला येत नाही. दहा दिवसांत ही प्रगती!
खाली सूचनेसाठी जागा ठेवलीय. तिथे तिने लिहिलं, 'खेळ उत्तम आहे. अक्षरे मोठी करावीत.' किती पोक्त लिहायला लागली! अक्षरं मोठी केली. रविवारी आसावरीला सांगणार, पोरीचे डोळे तपासून घे.

१५ ऑगस्ट, रविवार
फोन केला. शाल्मली मैत्रिणीकडे गेली होती. मागच्या दोन रविवारीही नव्हती. चालायचंच. आमची गाठ तशी रोजच पडते.
आसावरी म्हणाली, दोन दिवस येऊन जा. म्हटलं, पाचवी लेव्हल चालू आहे, गणपतीला नक्की. फोन मध्येच बंद झाला. लाइन खराब असावी.

१३ सप्टेंबर, सोमवार
गणेश चतुर्थी. जाता आलं नाही. रजा मंजूर होती, पण सातव्या लेव्हलमध्ये भागाकार बिघडला. असं अर्धवट टाकून जाणं बेजबाबदारपणाचं ठरलं असतं.
हयवदनरावांनी खाली जेवायला बोलावलं. त्यांची नातवंडं ताटाभोवती नाचत होती. मोदक दोनच खाल्ले, भूक नव्हती. वर येऊन झोपलो.

१४ सप्टेंबर, मंगळवार
ऑफिसात पोचताच ईमेल पाहिली. कालही खेळली! सणाच्या दिवशी, सकाळी सव्वादहाला. एकोणसत्तर मार्क. पोरीला बापाची आठवण आहे.

१० ऑक्टोबर, रविवार
चाचणीत शाल्मलीला गणितात ब्याण्णव! आसावरीने सांगितलं. मी म्हटलं, पाहिलंस? ती हो म्हणाली.
जिन्यात हयवदनरावांना मुद्दाम थांबवून सांगितलं. त्यांनी मनापासून अभिनंदन केलं, त्यामुळे मजा आली नाही.

१७ ऑक्टोबर, रविवार, दु. ४.३०
आज फोन शाल्मलीनेच उचलला. कोणती लेव्हल जास्त आवडली ते विचारलं. ती म्हणाली, खेळ तिने एकदाच पाहिला, जुलैत. हरणाला हसली आणि घरी आली.
मग रोज कोण खेळतं? म्हणाली, आबा. चष्मा लावून, एका बोटाने. नाव तिचं घालतात.
मी विचारलं, का?
"ते म्हणतात, तिकडे दत्ता वाट बघत असेल."
पाढे आसावरीने घेतले. रोज पोळ्या करताना. शाल्मली ओट्यावर बसते, आई लाटते आणि विचारते. तीन महिने. मला कसं कळलं नाही ते कळत नाही.
काहीतरी बोलायला हवं होतं. सतरा चोक किती ते विचारलं.
ती म्हणाली, "अडुसष्ट. बाबा, तू मला दुसरं काहीच का नाही विचारत?"
रागावली नव्हती. आवाज साधा होता. मी विचारलं, जेवलीस का? ती म्हणाली, चार वाजलेत, बाबा. बूथबाहेर माणसं उभी होती. मी ठेवतो म्हटलं.

ठराव: पुढच्या रविवारपर्यंत गणित सोडून दहा प्रश्न काढणे.
आत्तापर्यंत एक झाला. तुझ्या मैत्रिणीचं नाव काय?