माशाला कोण विचारतंय

अप्पा, मी आता माशा बांधते. खऱ्या नव्हं. परदेशातली माणसं खोट्या माशीनं मासे धरतात, तसल्या. विद्यानगरात एक अक्का हाय, ती फोम, धागा, पिसं अन् गळ देती. आम्ही चार-पाच बायका घरी बसून बांधतो अन् डब्यात घालून तिला नेऊन देतो. गळ म्हटल्यावर तुम्ही दचकला असाल. पहिल्या दिवशी मीपण दचकले होते. पण सातवी शिकलेल्या बाईला बाळ सांभाळून दुसरं कुठलं काम मिळतंय?

गेल्या महिन्यात अक्कानं नवा नमुना आणला. नाकतोडा. चपलेच्या तळव्यासारखा फोम, त्याचे दोन थर, वरचा हिरवा, खालचा पिवळा, मधी डिंक. रबराचे सहा पाय, त्यातल्या मागच्या दोन्हींना गुडघ्यासारखी गाठ मारायची. वर केसांचे पंख, पंखाखाली चमकी, दोन काळे डोळे, अन् सगळं झाल्यावर पाठीवर लाल फोमचा ठिपका. एक बांधेपर्यंत केलेला चहा गार होऊन साय धरतोय. मी अक्काला विचारलं, मासा पाण्याखाली, हा ठिपका त्याला दिसणार कसा? ती म्हणाली, ठिपका माशासाठी न्हाई, धरणाऱ्याला आपली माशी लांबनं दिसावी म्हणून. मग डोळे कशाला, गुडघे कशाला? अक्का हसली. "गिऱ्हाईकाला आवडलं की झालं ग. माशाला कोण विचारतंय?"

मला तुम्ही आठवला. कलघटगीजवळच्या आपल्या तळ्यावर तुम्ही कोंबडीचं एक पीस गळाला दोऱ्यानं गुंडाळायचा, बस्स. मी एकदा हौसेनं माझ्या रिबिनीचा तुकडा वरनं बांधला, तर तुम्ही तो दातानं तोडून टाकला. "मासा खालनं बघतोय. त्याला पोट दिसतंय, पाठ न्हाई. कुणाला दाखवायलीस?" मला लई राग आला होता. आता बांधून बांधून कळलं, तुमचं बरोबर होतं. ही माशी दुकानातल्या माणसाला फसवायला केलीय. एवढी नटवलीय, एवढी नटवलीय की भुकेल्या जिवाला हे खायचं हाय असं वाटावं, तेवढंच तिच्यात राहिलं न्हाई. असं मी मंगळवारपर्यंत म्हणत होते.

मंगळवारी सकाळी बारा बांधून ताटात ठेवल्या, ताट स्टुलावर, अन् कुकर उतरवायला उठले. परत येऊन बघते तर बाळ स्टूल धरून उभी, मुठीत एक रबराचा पाय, अन् ताटात अकरा. चौदा महिन्यांची हाय ती. ताटाच्या कडेनं रबराचे पाय लोंबत होते, तिला खालनं तेवढेच दिसले असतील. जे हाताला लागंल ते तोंडात घालती. मी बोट घालून बघायला गेले तर तिनं दात आवळून धरले. ओठ बाजूला केले, हनुवटी दाबली, तोंड उघडेना. अप्पा, तवा तो तिचा चेहरा नव्हता. तुमचा होता.

चटई, अंथरूण, धुणं, सगळं उलटंपालटं केलं. माशी न्हाई. आमचे हे दुर्गदबैलच्या बाजारात हमालीला गेलेले, फोन उचलेनात. मी रिक्षा करून दवाखान्यात निघाले. रिक्षात ती हसायला लागली, तोंड उघडलं, आत काय दिसलं न्हाई. मग मनात आलं, काय झालंच नसंल, परत फिरावं. पोरीजवळ गळ ठेवले म्हणून सगळी मलाच बोलणार. दवाखान्यात गेल्यावर पण मी नुसतं म्हटलं, पोरीनं काय तरी गिळलंय वाटतं. डॉक्टरबाई म्हणाली, "काय तरी म्हणजे काय? खरं काय ते सांग."

तुमच्या खाटेजवळ दुसऱ्या एका डॉक्टरनं आईला असंच विचारलं होतं. ह्याच शहरात, बारा वर्षं झाली. ह्यांना कुठं जखम झाली होती का? आई म्हणाली, न्हाई ओ. अन् मी तेरा वर्षांची, तिचा पदर धरून उभी. दहा दिवस आधी तळ्यावर तुमच्या अंगठ्याच्या बुडाशी गळ घुसला होता, तो मीच ओढून काढला होता. उलट्या काट्याबरोबर मांस वर आलं. तुम्ही तळ्याच्या पाण्यानं हात धुतला, तंबाखूच्या डबीतला चुना लावला अन् म्हणाला, "आईला सांगू नको. परत इथं येऊ देणार न्हाई आपल्याला." म्हणून मी सांगितलं न्हाई. तुमची दातखीळ बसलेली, डोळे तेवढे माझ्यावर. बोल म्हणत होता का गप बस म्हणत होता, मला अजून कळलं न्हाई. डॉक्टर नंतर धनुर्वात म्हणाला. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेला. ते डोळे मी धागा ओढताना समोर असतात, पोरीला दूध पाजतानाबी असतात.

डॉक्टरबाईला मी सगळं सांगितलं. गळ, फोम, स्टूल, पाय. पदराच्या गाठीत एक माशी बांधून नेली होती, ती तिच्या टेबलावर ठेवली. एक्सरे काढला. गळ असता तर पांढरा दिसला असता म्हणाली. तसं काय नव्हतं. मी टेबलावरची माशी परत पदरात बांधली.

राहिलेल्या माशा अक्काला परत दिल्या. म्हटलं, हा नमुना मी बांधणार न्हाई, मासा खुळा हाय का असलं खायला? ती म्हणाली, "मासा काय करंल माहीत न्हाई. तुझ्या पोरीनं तर उचलली."

हरवलेली माशी अजून सापडली न्हाई. पोरीला खाली सोडायच्या आधी मी सगळ्या जमिनीवर हात फिरवते. कधी वाटतं, तुम्हीच तिच्या हातातनं काढून नेली. बरं वाटतं. मग भ्या वाटतं, म्हणजे तुम्ही घरात येताय.

उद्या आई यायचीय नातीला बघायला. तिला अजून वाटतं, तुमच्यावर कुणी तरी करणी केली. आपल्या खेड्यातल्या एका घरात ती अजून पाणी पीत न्हाई त्यापायी. तिला त्या गळाचं कसं सांगायचं ते जुळवायला कागद घेतला अन् तुम्हालाच लिहीत बसले, आता तुम्हाला हा कुठं पाठवू. घडी करून तांदळाच्या डब्याखाली ठेवते. आईच्या हाताला लागला तर लागू दे. तिला वाचता येत न्हाई, अप्पा. म्हणून तर एवढं लिहिलं.