बारावी सही

४ नोव्हेंबर

आज पुन्हा तेच. सकाळी सव्वासहाला आमच्या दारासमोर लाल गाडी, तिच्यामागे करडी, मग कोपऱ्यापर्यंत ओळ. सगळे ट्रेनने शहरात कामाला जाणारे. स्टेशनचं पार्किंग भरलं की आमची गल्ली. संध्याकाळपर्यंत हलायचं नाव नाही.

लिओची डायलिसिसची व्हॅन आली, थांबायला जागा नाही. ड्रायव्हरने कोपऱ्यावर उभी केली. मी लिओला धरून तिथवर नेलं — एकशे दहा पावलं. दोनदा थांबला. म्हणाला, "बर्नी, पुढच्या वेळी मलाच कोपऱ्यावर पार्क करून ठेव."

तिथे हसले. घरी येऊन रडले.

७ नोव्हेंबर

टाउन हॉलला गेले. दारापुरती जागा राखून द्या म्हणून अर्ज केला त्याला चौदा महिने झाले. खिडकीतली बाई म्हणाली, तो कुठे अडकलाय देव जाणे, त्यापेक्षा अख्ख्या गल्लीला 'फक्त रहिवाशांसाठी' मागा, लवकर होतं. अठरा घरांपैकी बारा घरांच्या सह्या हव्यात. कोरा कागद घेऊन आले.

१५ नोव्हेंबर

अकरा झाल्या. कोपऱ्यावरचा क्रोनिन देणार नाही. नव्या नियमात घरटी एकच परवाना, तोही इथे राहणाऱ्याच्याच गाडीला, आणि त्याच्या भाडेकरूंच्याच तीन गाड्या. दारातूनच म्हणाला, रस्ता सगळ्यांच्या करातून झालाय, तुझ्या नवऱ्याच्या नावावर नाही. त्याच्या बाजूची पाच घरं त्याच्या शब्दाबाहेर नाहीत.

राहिली शेजारची फिलोमेना. ती तर घरचीच. तिला मुद्दाम शेवटी ठेवलंय.

१६ नोव्हेंबर

फिलोमेना नाही म्हणाली.

एकतीस वर्षांचा शेजार. तिचा नवरा टोनी गेला तेव्हा आठ दिवस मी तिच्या सोफ्यावर झोपले होते. आधी मला वाटलं, तिला कळलंच नाही. पुन्हा समजावलं. तिने गोड पावाची ताटली माझ्यापुढे सरकवली आणि मान हलवली.

कारण ती मुलगी — नदीन. शहरात कुठल्याशा कॅन्टीनमध्ये काम करते. पावणेसहाला फिलोमेनाच्या दारासमोर गाडी लावते आणि ट्रेनला वेळ असतो म्हणून आत येऊन कॉफी घेते. मला वाटायचं, कधीतरी येत असेल. रोज येते. दोन वर्षं!

"ती येणार म्हणून मी उठते, बर्नी. नाहीतर कशासाठी उठू?"

मी म्हटलं, "आणि लिओ?"

तिने ताटली आणखी थोडी सरकवली. मग म्हणाली, "लिओला मी दुसऱ्या बाजूने धरीन. आठवड्यातले तिन्ही दिवस. पण सही नको मागूस गं."

पाव तसाच ठेवून उठले.

२१ नोव्हेंबर

शब्दाची पक्की. तीन वेळा आली. लिओला डावीकडून धरते. माझ्याशी बोलत नाही, मी तिच्याशी नाही. लिओ दोघींशी बोलतो.

२ डिसेंबर

रात्रभर बर्फ. लिओ पडला. दोन गाड्यांच्या फटीतून तिघांना एका वेळी जाता येईना, फिलोमेना मागे झाली, आणि तेवढ्यात त्याचा पाय गेला. कपाळ बंपरवर. सात टाके. ती बर्फात गुडघ्यांवर बसून नुसती "माफ कर, माफ कर" म्हणत होती.

तरीही सही करीन म्हणाली नाही.

३ डिसेंबर

मी केली. तिच्या नावाची. तिची एकतीस ख्रिसमस कार्डं पाहिलीत — तो लांब शेपटीचा एफ मला तोंडपाठ आहे. सकाळी अकरा वाजता, स्वयंपाकघरात, पलीकडे लिओ झोपलेला असताना. पहिल्याच फटक्यात जमली. तेच मनाला लागलंय.

दुपारी कागद देऊन आले.

१४ जानेवारी

मंजूर. सभेत नावं मोठ्याने वाचली. फिलोमेना आली नव्हती. क्रोनिन होता. बारावं नाव ऐकून त्याने वळून माझ्याकडे पाहिलं.

पाट्या मार्चमध्ये. जमीन गोठलीय, खांब रोवता येत नाहीत म्हणे.

१५ जानेवारी

ती आली. कोट काढला नाही. "तू केलीस?"

"हो."

आमच्या घराची किल्ली तिच्याकडे असायची. ती टेबलावर ठेवली आणि गेली.

१६ जानेवारी

व्हॅनचा दिवस. मला वाटलं, आता कशाला येईल. आली. डावीकडून धरलं.

९ फेब्रुवारी

लिओ गेला. सकाळी साडेनऊला. डायलिसिसच्या खुर्चीतच.

१३ फेब्रुवारी

चर्चमध्ये फिलोमेना शेवटच्या बाकावर होती. माझ्यापाशी आली नाही. नदीन आली. एवढ्या जवळून तिला प्रथमच पाहिलं — किती लहान आहे! कामावरून सुट्टी घेऊन आली होती. म्हणाली, लिओ तिला रोज खिडकीतून हात करायचा. मला माहीत नव्हतं.

११ मार्च

पाट्या लागल्या. गल्ली ओस. आमच्या दारासमोर तीन व्हॅन उभ्या राहतील एवढी जागा.

१८ मार्च

आठ दिवस बघतेय. फिलोमेनाच्या स्वयंपाकघराचा पडदा पूर्वी साडेपाचला वर जायचा. आज सव्वाअकरा.

२० मार्च

टाउन हॉलचं पत्र. क्रोनिनने तक्रार केलीय — बारावी सही खोटी. चौकशी होणार, सह्या करणाऱ्या प्रत्येकाला विचारणार. खोटी ठरली तर नियम रद्द, पाट्या काढणार, आणि सही करणाऱ्यावर खटला.

बरं झालं. मी सांगून टाकणार. पाट्या निघू देत, ती मुलगी परत येऊ दे. माझं काय व्हायचं ते होईल.

२६ मार्च

टाउन हॉलचा माणूस आला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, बाई, प्रकरण मिटलं. शेजारच्या बाईंनी शपथेवर लिहून दिलंय, की सही त्यांचीच आहे.

तशीच धावत गेले, चपला न घालता. दार ठोठावलं. उघडलं नाही. आतून आवाज आला, "लिओसाठी केलं. तुझ्यासाठी नाही. घरी जा, बर्नी."