वामनने सोललेलं संत्रं

घाटंजी, जानेवारी १९६१
सोमवार, दिवेलागण

वामन असं बोलेल? अजूनही पटत नाही.

शाळेची पोरं घेऊन आम्ही दोघं मास्तर जंगलात मुक्कामाला गेलतो. नाल्यात न उतरता उंचवट्यावर राहुट्या ठोकल्या, चुलीभोवतीचं गवत खरवडून काढलं. निघताना चुलीवर पाणी ओतायचं आणि राखेत तळहात दाबून पाहायचा, ही आमची दोघांची जुनी रीत. काल मी पोरांना बैलबंडीत बसवत होतो, चूल वामनकडे होती, म्हणून त्याला विचारलं, "हात घालून पाह्यला का?"

"पाह्यला ना. थंडगार हाय."

दुपारी वारा सुटला आणि जवळच्या पोडावरच्या, म्हणजे आदिवासी वस्तीतल्या, सोमाची गवताची गंजी जळाली. बैल आता काय खातील त्याचे?

आज हेडमास्तरांनी बोलावलं. सोमा दाराशी उभा होता. वामन खाली पाहत म्हणाला, "चूल यांच्याकडे होती, साहेब. मी पोरं सांभाळून राह्यलो होतो."

सरळ उलटं. एका ताटात जेवलेला माणूस. अन् मी काहून गप्प बसलो? सोमासमोर आपसात भांडायची लाज वाटली म्हणून? कोण जाणे.

ते संत्रं डोळ्यांपुढून हलत नाही. काल बंडीत त्यानं मला सोलून दिलं होतं. ओल्या राखेत हात घातला की नखं काळी होतात, ते काळं लवकर निघत नाही. संत्र्याच्या पांढऱ्या शिरांवर एक डाग नव्हता. तेव्हाच दिसलं होतं मला. विचारलं नाही, कारण तो वामन होता.