हिरव्या दाढीवाल्याचं पत्र

जऊळका,
बुधवार, ता. ६ नोव्हेंबर १९५७

चिरंजीव पुंजाजीस थोरल्या बहिणीचा, बाईचा आशीर्वाद. आमी बरे हावो, असं लिवायची रीत हाय म्हणून लिवलं. कापूस येचणं चालू हाय. तांबड्या गाईले गोऱ्हा झाला. तुह्या बायकोचा खोकला कसा हाय ते कळव.

तुह्या छापखान्यातलं चित्राचं पुस्तक दिवाळीत भेटलं. माही शाळा दुसरीपर्यंत, जोडाक्षर आलं की मी अडते. पण सून रुख्मिणी रोज सांजीले ते घेऊन चुलीपाशी बसते अन् मले वाचाले लावते.

त्यातला हिरव्या दाढीचा लबाड समुद्राच्या बुडाशी जाते. तिथं राणीचं राज्य. तिचा पोरगा वर जमिनीवर गेला तो वापस आलाच नाई. लबाड म्हणते, तुहा पोरगा जिता हाय, हे पाय त्याचं पत्र, तो येईन, वेशीचं दार उघडं ठेव. राणी दार उघडं ठेवते अन् लबाडाची फौज आत शिरते. मले राणीचाच राग आला. येवढी मोठी राणी, तिले समजलं नसन काय? समजलं असन. पण दार लावलं की पोरगा मेला असं कबूल करा लागते.

आता कामाचं. माहा जगदेव जहाजावर खलाशी लागला, बंदरावर आला की तो सांगते अन् मी लिवतो, असं तू आखाडापासून लिवून राह्यला. चार पत्रं आली. येकावरबी श्री नाई.

लहानपणी श्री इसरला म्हणून आपल्या आबानं तुले पाटीनं हाणलं होतं. तवापासून तू किराण्याच्या चिठ्ठीवरबी श्री काढतोस. फक्त मौतीच्या पत्रावर श्री नसते, हे आपल्यात लेकराले माहीत हाय. पहिलं पत्र हातात घेतलं अन् मी ओट्यावर खाली बसली. बाकी सारं खोटं तुह्या हातून निघालं, तेवढा श्री निघाला नाई.

तुले लबाड म्हणाले माहं तोंड उघडलं होतं. पण रुख्मिणीले वाचता येत नाई. तिले मीच वाचून दाखवो, अन् तू लिवलं नाई तेबी वाचो. जगदेव म्हणते, रुख्मीले हिरव्या काठाचं लुगडं आणतो. रुख्मीनं जड ओझं उचलू नये. ते ऐकून ती चार दिवस गाणं म्हणे.

तिचं वय एकोणीस. तिच्या बापानं, रामधननं, खरं ऐकलं तर तो तिले घेऊन जाईन अन् दुसऱ्या घरी पाट लावून देईन. ते बरोबरच हाय. मंग माह्या घरात राह्यते कोण? म्हणून मी दार उघडं ठेवलं. दुसरं कारण नाई.

परवा ती चित्र पायता पायता थांबली. तिले येकच अक्षर ओळखू येते, धान्याच्या कोठीवर काढलेला श्री. लबाडाच्या पत्रावर बोट ठेवून म्हणे, "आत्याबाई, या बदमाशानंबी वर श्री काढला. आपल्या पत्रायवर काहून नाई?"

म्हटलं, मामा इसरला असन.

"चारई बार?"

मी चुलीत काडी सारली. तिनं पुस्तक मिटलं अन् घागर घेऊन पाण्याले गेली. घागर भरलेलीच होती.

तवा पुंजाजी, आता खरं लिव. कवा गेला, कशानं गेला, आग कोणी देल्ली. मोठ्या अक्षरात लिव. मी जसंच्या तसं वाचीन, पदरचं काई घालणार नाई. रामधनलेबी कार्ड टाकजो. तुह्यावर राग धराले माहं तोंड नाई.

या पत्रावर श्री नाई, ते इसरली म्हणून नाई. लिवाले बसली तवा रुख्मिणी बाजूले येऊन बसली. मी वरची जागा कोरी सोडून खाली तारीख टाकली. तिनं माह्या हाताकडं पायलं अन् बांगड्या उतरवाले लागली. मी तिचा हात धरला. म्हटलं, मामाचं पत्र येऊ दे.

लवकर लिव. तिचा हात मी अजून सोडला नाई, म्हणून कागद हालते अन् अक्षर वाकडं येऊन राह्यलं.

तुही बाई,
जगदेवाची माय
प्रयाग