थोरल्या काकांची बेशुद्धी

३ फेब्रुवारी
सिद्ध करायचे ते असे: रंगभूमी सोडून मालिका लिहू लागलो, त्यात मी कोणाचेही नुकसान केलेले नाही. आरोप बायकोचा आहे. तिला तोंडी उत्तर देऊन आजवर कोणी जिंकलेले नाही. म्हणून लेखी.

पुरावा पहिला. नाटके सात. शेवटच्याच्या शेवटच्या प्रयोगाला प्रेक्षक अकरा, पैकी चौघे माझे व्याही-विहीण आणि त्यांचे शेजारी. मालिकेचा नऊशेवा भाग काल दाखवला गेला. नुकसान कोणाचे?

५ फेब्रुवारी
"आणि नटवर्य?" ती म्हणाली.

प्रश्न रास्त आहे. सातही नाटकांत नायक तोच. मालिकेतही थोरले काका म्हणून त्याला मीच आणला. गेल्या वर्षी त्याचे पाठांतर गेले. एका दृश्याला चौदा टेक! दिग्दर्शकाने वाहिनीला कळवले, वाहिनीने मला — काकांना मारा. मी मारले नाही. जिन्यावरून पाडून बेशुद्ध केले. सात महिने तो कपाळाला पट्टी आणि नाकात नळी लावून सेटवर पडून असतो. काम टिकले, लाजही झाकली. याला उपकार म्हणतात.

"धडधाकट माणूस झोपवून ठेवलात," ती म्हणाली, "आणि वर पुरावे गोळा करताय!"

६ फेब्रुवारी
मालिकेची अठरा पाने लिहिली. थोरल्या सुनेने पुन्हा दाराआडून ऐकले. कंटाळा.

९ फेब्रुवारी
वाहिनीच्या बाईंचा फोन. "सर, काकांचं फारच ताणलं हो. एक तर उठवा, नाहीतर उरका. शुक्रवारपर्यंत सांगा."

उठवले तर त्यांना बोलावे लागेल. बोलायचे तर पाठ हवे. पाठ होत नाही. निष्कर्ष उघड आहे. मृत्यूचे दृश्य चाळीस मिनिटांत लिहून झाले. वाईट वाटले नाही — त्याचेच थोडे वाटले.

११ फेब्रुवारी
त्याला आपणच सांगावे म्हणून सेटवर गेलो. दोन वर्षांत प्रथमच. पाने मी घरूनच पाठवतो. तो पलंगावर होता. लाइटवाले दिवे हलवत होते.

डोळे न उघडताच म्हणाला, "ये मास्तर. चपलांवरून ओळखलं." मी कधीकाळी तर्कशास्त्र शिकवत असे, हे फक्त त्याच्याच लक्षात आहे. "मारायला आलास ना?"

"विचार आहे तसा."

"मग जाता जाता दोन वाक्यं तरी दे रे. सात महिने नुसता श्वास घेतोय. त्यातही परवा दिग्दर्शक म्हणाला, काका, ओव्हर होतंय!"

"पाठ होतील?" मी विचारले. क्रूर प्रश्न; पण आवश्यक होता.

त्याने नाकातली नळी काढली, उठून बसला आणि माझ्या पाचव्या नाटकातले न्यायालयातले भाषण सुरू केले. नऊ मिनिटे. एक शब्द गळला नाही. पुस्तक छापताना मी गाळलेला परिच्छेदसुद्धा! लाइटवाले शिडीवरच थांबले. मेकअपवाली म्हणाली, "अगंबाई, काका बोलतात की!"

"मग ते चौदा टेक?"

"त्यात धरायला काही नव्हतं, मास्तर. तुझ्या नाटकात एक वाक्य पुढच्याचा हात धरून यायचं. इथं कुठलंही कुठंही लावा, चालतंय. म्हटलं, हे काय तुझं नाही. हाताखालच्या पोरांकडून लिहून घेत असशील."

"मला सांगायचंस."

"तू विचारलंस कुठं? थेट जिन्यावरूनच ढकललंस!"

माझ्या हाताखाली कोणी नाही. कधीच नव्हते. हे त्याला सांगितले नाही.

१२ फेब्रुवारी
बायको: "मग? झालं का सिद्ध?"
चहा घेतला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
वाहिनीला कळवले — काका उठतील, सोमवारी बोलतील. मृत्यूचे दृश्य फाडले. ३ तारखेचे विधान मागे घेतो.

१५ फेब्रुवारी
चूक एक. पाठांतर त्याचे गेले, हे मी गृहीत धरले, तपासले नाही. काकांना उद्या चार वाक्ये हवी आहेत. कालपासून बसलो आहे. एकही दुसऱ्याचा हात धरत नाही.

(सही) मास्तर